खड्गपरीक्षा

गेल्या वर्षींच्या खंडेनवमीची गोष्ट. आमच्या घरीं त्या दिवशीं शस्त्रपूजा होते, आणि ती पेशवाईपासून अखंड चालत आली आहे असें वडील सांगत असत. पूजेस बसणारे मात्र चार पिढ्या लेखणीपेक्षां जड कांहीं उचलणारे नव्हेत. त्यामुळें पाटावर एक तरवार सोडली, तर बाकी भरणा अडकित्ता, विळी, पोथ्या आणि अलीकडे नातवंडांचे संगणक यांचाच असतो. तरवार लांब, सरळ पात्याची व पिंजऱ्यासारख्या मुठीची आहे. घरांत तिला ‘फिरंग’ म्हणतात. आजीच्या तोंडीं हा शब्द होता, वडिलांच्या तोंडीं होता, आणि आम्हीहि तो साठ वर्षें उच्चारीत आलों. मुलांना शब्दांच्या व्युत्पत्ति शिकविण्यांत ज्यांचा जन्म गेला, त्या आम्हांस ह्या एका शब्दाचा अर्थ विचारावासा कधीं वाटला नाहीं, हें प्रथमच कबूल करून ठेवितों; कारण पुढील सर्व मजकूर एका अर्थीं त्याचेंच प्रायश्चित्त आहे.

पूजा आटोपून प्रसाद वांटला आणि ओसरीवर मुलांचा वाद सुरू झाला. आमच्या पुतण्याचा मुलगा ओंकार हा चित्रपट पाहून पाहून जपानी तरवारीचा भक्त बनलेला. थोरली नात मुक्ता पुण्यास धातुशास्त्र शिकते. तिचें म्हणणें असें कीं, युरोपच्या तरवारींस नांवें ठेवण्याचें कांहीं कारण नाहीं. प्रकरण निवाड्यासाठीं आमच्यापुढें आलें. आम्हीं चौतीस वर्षें संस्कृत आणि इतिहास शिकविलेला. निवाडा देण्यास आम्हांस कितीसा वेळ लागणार? आम्हीं सांगून टाकलें कीं, युरोपियन सरदाराची तरवार म्हणजे दहा किलोंची पहार. चिलखत घातलेल्या त्या सरदाराला घोड्यावर बसवावयास यारी लागे. उलट जपानी तरवार घडतांना पोलादाच्या लाखों घड्या घालतात, आणि तिच्या धारेवर रेशमी रुमाल नुसता पडला तरी त्याचे दोन तुकडे होतात. हें सर्व आम्हीं वर्गांत वर्षानुवर्षें सांगितलें होतें आणि मुलांनीं तें डोळे विस्फारून ऐकलें होतें.

ओंकार खूष झाला. मुक्तेनें मात्र शांतपणें विचारलें, “आबा, तुम्ही युरोपियन तरवार कधीं हातांत घेतली आहे का?”

“नाहीं.”

“आणि जपानी?”

तीहि घेतलेली नव्हती.

“मग दहा किलो कोणीं मोजले?”

वर्गांत असा प्रश्न कोणी केला असता, तर आम्हीं त्यास खालीं बसविलें असतें. घरांत तसें करतां येत नाहीं. आम्ही पानाचा डबा पुढें ओढला आणि विषय बदलला. परंतु रात्रीं झोंप लागेना. जी गोष्ट आम्हीं स्वतः पाहिली नाहीं, मोजली नाहीं, कोठें वाचली तेंहि आठवत नाहीं, ती हजारों मुलांच्या डोक्यांत आम्हीं प्रमाण म्हणून घालून दिली होती. दिवाळी झाल्यावर मुक्तेच्या साहाय्यानें आम्हीं हा विषय विद्यार्थ्याप्रमाणें मुळापासून हातीं घेतला. त्याचें फळ वाचकांपुढें ठेवीत आहों. त्यांत कोणी आमचे जुने विद्यार्थी असतील तर त्यांनीं विशेष लक्ष द्यावें.

प्रथम वजनाचें पाहूं. युरोपांतील जुन्या खड्गविद्येचे ग्रंथ वाचून ती विद्या पुन्हा उभी करण्याच्या चळवळीनें १९९० नंतर चांगलाच जोर धरला. तिचा नाद लागलेल्या पुण्याच्या कांहीं तरुणांकडे मुक्ता आम्हांस घेऊन गेली. त्यांनीं जुन्या मापाबरहुकूम केलेल्या बोथट प्रतिकृति आमच्या हातीं दिल्या. आम्हीं पहार उचलण्याच्या तयारीनें हात घट्ट केला, आणि तरवार अपेक्षेहून इतकी हलकी निघाली कीं, हात वर जाऊन छताच्या पंख्याशीं प्रसंग येतां येतां टळला. एका हातानें चालविण्याची मध्ययुगीन युरोपियन तरवार सामान्यतः एक ते सव्वा किलोची असे. दोन्ही हातांनीं धरावयाची लांब तरवार सव्वा ते दीड किलोच्या आसपास भरे. सोळाव्या शतकांतील भाडोत्री जर्मन शिपाई खांद्यावर वाहून नेत, ती प्रचंड दुहाती तरवारहि दोन ते साडेतीन किलोंपलीकडे सहसा जात नसे. याहून जड ज्या सांपडतात, त्या मिरवणुकींत पुढें धरावयाच्या. त्यांचें काम आपल्याकडील चोपदाराच्या काठीचें. जपानची कताना म्यानाबाहेर काढली असतां एक ते सव्वा किलोचीच असते. म्हणजे वजनाचा वाद मुळांतच खोटा होता. यारीची गोष्टहि तशीच कल्पित. पंधराव्या शतकांतील संपूर्ण पोलादी चिलखत वीस ते पंचवीस किलोंचें असे, तें सर्व अंगावर वांटलेलें असे, आणि तें घालून मनुष्य आपल्या पायांनीं घोड्यावर चढे. राहिला रेशमी रुमाल. तो वॉल्टर स्कॉटच्या १८२५ सालच्या ‘टॅलिस्मन’ ह्या कादंबरींत सलादिनाच्या तरवारीनें कापला गेला आहे. ना ती तरवार जपानी, ना ती हकीकत इतिहासांतली!

घरीं परत आल्यावर आम्हीं आमची फिरंग स्वयंपाकघरांतील रवा मोजण्याच्या काट्यावर ठेविली. पूजेची वस्तु अशी काट्यावर ठेवणें आमच्या कुटुंबास मुळींच पसंत पडलें नाहीं. वजन भरलें एक किलो एकशेंपन्नास ग्रॅम.

आतां आकाराकडे वळूं. ‘युरोपियन तरवार’ आणि ‘जपानी तरवार’ असे दोन पक्ष समोरासमोर उभे करणें म्हणजे साऱ्या गांवाची एका घराशीं तुलना करणें होय. जपान हा एक देश. युरोप म्हणजे अनेक देश, आणि त्यांचीं हजार वर्षें. इंग्लंडांत यूअर्ट ओकशॉट नांवाच्या अभ्यासकानें केवळ मध्ययुगीन युरोपियन तरवारींचेच अनेक वर्ग पाडून दाखविले आहेत. आमच्या अमरकोशांत खड्गास जीं नांवें आहेत त्यांतहि हेंच तत्त्व दिसतें. कुशीला लटकतो तो कौक्षेयक; तीस अंगुलांहून लांब तो निस्त्रिंश. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंत खड्गलक्षणाचा स्वतंत्र अध्याय घातला आहे. त्यांत पन्नास अंगुलांचा खड्ग उत्तम आणि पंचवीस अंगुलांचा कनिष्ठ ठरविला आहे. गंमत अशी कीं, जपानांत दोन शाकु, म्हणजे साडेसाठ सेंटिमीटरांहून लांब पात्याची ती कताना, आणि त्याहून आंखूड ती कमरेची दुसरी तरवार, असा भेद करितात. आमचीं तीस अंगुलें म्हणजे सुमारें सत्तावन सेंटिमीटर. दोन दूरच्या देशांनीं लांब तरवारीची मर्यादा जवळ जवळ एकाच ठिकाणीं आंखली. कारण मनुष्याचा हात सर्वत्र सारखाच आहे.

मग आकार निराळे कां? कारण समोरचा शत्रु निराळा. युरोपांत प्रथम डाव्या हातांत ढाल आणि अंगावर साखळ्यांचें चिलखत असे. त्या काळची तरवार रुंद, सरळ, दुधारी व एकहाती आहे. मुठीपाशीं आडवी पट्टी हात वांचवी, आणि मुठीच्या टोकाचा गोळा पात्याचें वजन तोलून धरी. पात्याच्या मधोमध जी पन्हळ असते, ती रक्त वाहून जाण्यासाठीं, असेंहि आम्हीं वर्गांत सांगत होतों. ती वस्तुतः पात्याचें वजन कमी करण्यासाठीं असते, आणि जपानी पात्यांवरहि ती पुष्कळदां आढळते. चौदाव्या शतकांत अंगावर पोलादी पत्रे आले. असा पत्रा घाव घालून सरळ कापणारी तरवार जगांत कोठेंहि झाली नाहीं. तेव्हां युरोपांतील तरवारीचें टोंक निमुळतें झालें, पातें ताठ झालें, आणि योद्धा डाव्या हातानें स्वतःच्याच पात्याचा मध्य धरून तें भाल्यासारखें काखेच्या वा मांडीच्या सांध्यांत खुपसूं लागला. पंधराव्या शतकांतील जर्मन खड्गग्रंथांत ह्या पवित्र्यांचीं चित्रें आहेत. पुढें बंदूक आली, चिलखत उतरलें, आणि शहरांत फिरणाऱ्या नागरिकाच्या कमरेस लांब, सडपातळ, भोंसकण्याची तरवार आली.

जपानांतहि आरंभींचीं पातीं सरळच होतीं. दहाव्या शतकाच्या सुमारास तीं वांकडीं झालीं. त्या काळचा जपानी योद्धा मुख्यतः घोड्यावरील धनुर्धर होता, हें आपण विसरतों. त्याची तरवार धार खालीं करून कमरेस टांगलेली असे. पुढें पायदळाची लढाई वाढली, आणि धार वर करून पट्ट्यांत खोंवलेली कताना आली. ती उपसण्याची आणि घाव घालण्याची क्रिया एकच. हातांत ढाल नाहीं, म्हणून दोन्ही हात मुठीवर. १५४३ सालीं पोर्तुगीजांबरोबर बंदूक जपानांत उतरली, आणि १५७५ सालच्या नागाशिनोच्या लढाईंत तिनें आपला प्रभाव दाखविला. धनुष्य, भाला, बंदूक हींच रणांगणांतील मुख्य शस्त्रें. तरवार ही दोन्हीकडे कमरेची सोबतीण. समोर कोण आहे, त्याच्या अंगावर काय आहे, आणि आपला दुसरा हात मोकळा आहे कीं नाहीं, एवढ्या प्रश्नांचीं उत्तरें म्हणजे तरवारीचा आकार होय.

धातूच्या भागांत मुक्ता आमची गुरु झाली. जपानांत लोहखनिज वाळूच्या रूपांत मिळतें. मातीच्या भट्टींत ती वाळू आणि लोणारी कोळसा आलटून पालटून तीन दिवस व तीन रात्री घालीत राहावें लागतें; मग भट्टी फोडून आंतील गोळा बाहेर काढतात. ही जुनी पद्धति बंद पडली होती. ती १९७७ सालीं शिमाने प्रांतांत पुन्हा सुरू करण्यांत आली. तेथें एका वेळीं सुमारें दहा टन वाळू आणि बारा टन कोळसा खर्ची पडून अडीच टनांचा गोळा निघतो, आणि त्यांतून तरवारीच्या योग्यतेचें उत्तम पोलाद निवडावें, तर तें एक टनहि भरत नाहीं. ह्या गोळ्यांत कोठें कार्बन अधिक, कोठें कमी, मध्यें कीट अडकलेलें. तें सारखें करण्यासाठीं लोहार तो तापवून, ठोकून, घडी घालून पुन्हा ठोकतो. अशा घड्या सामान्यतः दहा ते पंधरा. पहिल्या घडीला दोन थर, दुसरीला चार; ह्या हिशेबानें दहा घड्यांत १,०२४ आणि पंधरा घड्यांत ३२,७६८ थर होतात. म्हणजे घड्या लाखों नव्हेत, थर हजारों. बुद्धिबळाच्या पटावरील धान्याच्या दाण्यांची गोष्ट ज्यांनीं वर्गांत दरसाल सांगितली, त्यांनींच ही चूक करावी, हें विशेष. घड्या वाढविल्यास लाभहि नाहीं. कार्बन जळत जाऊन पोलाद मऊ पडतें.

आणि घडी घालणें ही कांहीं जपानचीच मिरास नव्हे. युरोपांतील जुन्या भट्ट्यांतूनहि असाच स्पंजासारखा ओबडधोबड गोळा निघे, व तोहि ठोकून, जोडून, दुमडूनच शुद्ध करावा लागे. तिसऱ्या ते दहाव्या शतकापर्यंत तेथील लोहार निरनिराळ्या लोखंडाच्या सळया पिळून एकत्र जोडीत, आणि पात्यावर सापाच्या अंगासारखी नक्षी उमटे. ओंकारानें हें ऐकून दुसरें टोंक गांठलें. “म्हणजे जपानी पोलाद हलकेंच!” असें तो म्हणूं लागला. तेंहि खरें नव्हे, असें मुक्तेनें त्यास समजावून दिलें. ज्यास जें लोखंड मिळालें, त्याचा त्यानें परमावधीचा उपयोग केला.

खरा भेद पाणी देण्यांत आहे. जपानी लोहार पात्यावर मातीचा लेप देतो. पाठीकडे जाड, धारेकडे पातळ. तापलेलें पातें पाण्यांत बुडविलें, कीं धार क्षणांत थंड होऊन अत्यंत कठीण बनते, पाठ सावकाश थंड होऊन नरम राहते, आणि त्या ओढाताणींत पातें पाठीकडे वांकतें. धारेलगत जी ढगासारखी पांढुरकी लाट दिसते, तीच ह्या दोन स्वभावांची सीमा. तिला जपानी लोक हामोन म्हणतात. मध्ययुगाच्या उत्तरार्धांतील चांगल्या युरोपियन पात्याची रीति दुसरी. सर्व पातें कठीण करावयाचें आणि मग पुन्हा बेताची ऊब देऊन त्याचा ठिसूळपणा काढावयाचा; म्हणजे तें वांकतें आणि सोडलें कीं पुन्हा सरळ होतें. जपानी पातें धारेस अधिक टिकतें. पण एकदां वांकलें तर वांकडेंच राहतें. एकानें धारेसाठीं लवचिकपणा सोडला, दुसऱ्यानें लवचिकपणासाठीं धारेचा थोडा कठीणपणा सोडला. दोन्ही गुण पूर्णत्वानें एका पात्यांत त्या काळीं कोणासच साधले नाहींत.

येथवर आल्यावर आम्हांस वाटलें कीं, निवाडा बरोबरीचा झाला. परंतु मग एक शंका उरली. दोघे तोलामोलाचे, तर जगभर कीर्ति जपानी तरवारीचीच कां? आणि युरोपियन तरवार म्हणतांच डोळ्यांपुढें गंजकी पहार कां उभी राहते? ह्या शंकेचें उत्तर आम्हांस धातुशास्त्रांत मिळालें नाहीं. तें जपणुकींत मिळालें.

जपानी लोहार आपलें नांव पात्याच्या मुठींत बसणाऱ्या शेपटीवर कोरतो. ती शेपटी मुठींत बांबूच्या एका लहानशा खुंटीनें अडकविलेली असते, म्हणून मूठ केव्हांहि काढून नांव वाचतां येतें. त्या शेपटीवर जो गंज चढतो, तो कधींहि घासावयाचा नाहीं, असा तेथें कडक दंडक आहे. कारण गंजाच्या रंगावरून जाणते लोक पात्याचें वय ओळखतात. १६१५ नंतर जपानांत सुमारें अडीचशें वर्षें शांतता होती. त्या काळांत तरवार लढण्यापेक्षां जपण्याची वस्तु झाली. होनआमी घराण्यांतील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या पातीं पारखण्याचा आणि दगडांवर घासून उजळण्याचा व्यवसाय करीत. १७१९ सालीं त्या घराण्याकडून तोकुगावा सरकारनें नामांकित तरवारींची यादी करवून घेतली. तेराव्या शतकाच्या अखेरीस व चौदाव्याच्या आरंभीं होऊन गेलेल्या मासामुनेचें नांव आज आपण जाणतों, तें अशा घरांमुळें. १८७६ सालीं तरवार बाळगण्यास बंदी झाली, तरी परंपरा तुटली नाहीं. १९४५ सालच्या पराभवानंतर मात्र शस्त्रें जमा करण्याचा हुकूम सुटला, आणि १९३९ मध्यें राष्ट्रीय ठेवा ठरलेली मासामुनेची ‘होंजो’ ही तरवार त्या गडबडींत जी नाहींशी झाली, ती अद्याप मिळालेली नाहीं. सातशें वर्षें जपलेली वस्तु जाण्यास एक वर्ष पुरलें.

युरोपांत असें झालें नाहीं. तेथें लढण्याची रीति बदलली कीं तरवार बदले. जुनें पातें नव्या मुठींत जाई, मोडींत जाई, नदींत जाई, धन्याबरोबर थडग्यांत जाई. नवव्या ते अकराव्या शतकांतील ‘उल्फबर्त’ अशीं अक्षरें असलेल्या दीडशेंहून अधिक तरवारी सांपडल्या आहेत. कांहींचें पोलाद त्या काळास अचंबा वाटावा इतकें उत्तम आहे. पण त्या बहुतेक जमिनींतून आणि पाण्यांतून निघालेल्या, काळ्या पडलेल्या, गंजानें खाल्लेल्या. संग्रहालयांत आपण एका बाजूस सातशें वर्षें तेल लावून पुसलेली वस्तु पाहतों, दुसऱ्या बाजूस हजार वर्षें चिखलांत पडलेली पाहतों, आणि घरीं येऊन म्हणतों कीं, जपानी लोहार श्रेष्ठ! आपण लोहारांची तुलना करीत नसतों. त्यांच्यामागून आलेल्या माणसांची करीत असतों.

हें वाक्य आम्हीं वहींत लिहिलें आणि आमची लेखणी थांबली. कां थांबली तें आतां सांगणें प्राप्त आहे.

युरोपियन पातीं केवळ नदींत गेलीं असें नाहीं; तीं जहाजांतून पूर्वेकडेहि आलीं. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज व इतर व्यापाऱ्यांनीं आणलेलीं सरळ, लांब पातीं पश्चिम किनाऱ्यावर उतरत. येथील कारागीर त्यांस पिंजऱ्याची मूठ चढवीत. आणि मराठे तीं आवडीनें वापरीत. अशा तरवारीस नांव पडलें ‘फिरंग’. फिरंग्यांची ती फिरंग! इतकी सरळ व्युत्पत्ति देवघरांत खुंटीला टांगलेली होती. तरीहि आमच्या छापील कुलवृत्तांतांत, “ही तरवार मूळ गांवच्या लोहारानें घडविलेली,” अशी ओळ आहे. ती वीस वर्षांपूर्वीं आम्हींच लिहून दिली. आधार? वजनाला होता तोच.

आम्हीं तरवार एका संग्रहालयांतील जाणत्या गृहस्थांस दाखविली. त्यांनीं ती बराच वेळ उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, “मूठ इकडची. पातें बहुधा युरोपीय, सतराव्या शतकांतील असावें. पण गांव सांगतां येत नाहीं. अशा पात्यांच्या नकलाहि येथें होत, आणि युरोपांतहि एका गांवचे लोहार दुसऱ्या गांवचा शिक्का मारीत. ह्या पन्हळींत अक्षरें असणार. तीं असतीं तर पुष्कळ कांहीं कळलें असतें.” मग त्यांनीं मान वर करून विचारलें, “येथें घासलें कोणीं?”

आम्ही मॅट्रिक झालों त्या वर्षींची गोष्ट आहे. खंडेनवमीच्या आदल्या दिवशीं, घरांतील शस्त्र काळें दिसूं नये अशा उत्साहानें आम्हीं तें पातें प्रथम चिंचेनें, मग विटकरीच्या भुकटीनें, आणि तरीहि काळेपणा जाईना तेव्हां लोखंड घासण्याच्या कागदानें सबंध दुपारभर घासलें. पन्हळींत मुठीजवळ कांहीं खुणा होत्या, त्यांवर विशेष जोर लाविला. दुसऱ्या दिवशीं पातें आरशासारखें लखलखत होतें. वडिलांनीं पूजा केली, अक्षता वाहिल्या, आणि संध्याकाळीं झोपाळ्यावर बसल्यावर एवढेंच विचारलें, “तेथें अक्षरें होतीं ना रे?”

आम्हीं उत्तर दिलें, “गंज होता, अण्णा.”

ते पुढें कांहीं बोलले नाहींत. तीं अक्षरें आम्हांस वाचतां येत नव्हतीं, म्हणून आम्हांस तीं गंज वाटलीं. जपानांतील कोणा अडाणी नोकरानेंहि जें केलें नसतें, तें आम्हीं शिकल्यासवरल्या घरांत, पूजेच्या नांवाखालीं केलें. साऱ्या पात्यावर आतां मुठीच्या पोलादी पट्टीखालीं दडलेली एक उभी रेघ आणि तिच्याशेजारीं अर्धें वर्तुळ एवढेंच उरलें आहे.

घरीं येऊन आम्हीं ही हकीकत आमच्या वडील बंधूंस सांगितली. अक्षरें घासल्याबद्दल ते रागावले नाहींत. पातें परकें म्हटल्याबद्दल मात्र फार रागावले. “चार इंग्रजी पुस्तकें वाचून घरची तरवार फिरंग्यांच्या पदरीं घातलीस!” असें म्हणून ते उठून गेले. आम्हीं रात्रीं त्यांच्या खोलींत जाऊन त्यांस यासुत्सुगुची गोष्ट सांगितली. सतराव्या शतकाच्या आरंभीं एचिझेन प्रांताचा हा नामांकित जपानी लोहार प्रत्यक्ष तोकुगावांचा आश्रित होता. पोर्तुगीज व डच जहाजांतून येणारें परदेशी पोलाद आपल्या पोलादांत मिसळून त्यानें तरवारी केल्या, आणि शेपटीवर आपल्या नांवासोबत कोरून ठेविलें कीं, ही ‘नानबान’ लोखंडाची. नानबान म्हणजे दक्षिणेकडचे रानटी लोक, अर्थात् आपले फिरंगीच! ज्या लोहारास जगांत कोणाकडून लोखंड उसनें घेण्याची गरज नाहीं असें आपण समजतों, त्यानें तें घेतलें, आणि घेतल्याचें लपविलें नाहीं. उलट भूषण म्हणून लिहिलें. आमच्या पूर्वजांनींहि लपविलें नव्हतें, दादा. त्यांनीं तरवारीचें नांवच तसें ठेविलें होतें. लपविलें तें आम्हीं कुलवृत्तांतांत.

दादा कांहीं बोलले नाहींत. दोन दिवस त्यांनीं तो विषय काढला नाहीं.

आम्हीं कुलवृत्तांताच्या पुढील आवृत्तीसाठीं दुरुस्तीची ओळ लिहून पाठविली आहे. तींत ‘बहुधा’ हा शब्द ठेविला आहे, आणि अक्षरें कोणीं व कशीं घासलीं तेंहि लिहिलें आहे. पूजेच्या यादींतून विटकरीची भुकटी कायमची काढली. आतां वर्षांतून दोनदां मऊ कापडानें हलकें तेल लावणें, एवढेंच काम उरलें असून तें मुक्तेनें आपणांकडे घेतलें आहे. ओंकारानें काट्यावरचें वजन, पात्याची लांबी आणि त्या उरलेल्या खुणेची आकृति एका कागदावर काढून तो म्यानाशेजारीं ठेविला आहे.

तिसऱ्या दिवशीं दुपारीं दादा आपण होऊन देवघरांत आले. त्यांच्या हातांत चष्मा आणि विजेरी होती. “ती उरलेली खूण कोठें आहे, दाखव,” असें ते म्हणाले. आम्हीं मूठ वर धरली आणि पोलादी पट्टीखालीं उजेड पाडून दाखविली. तीवर बोट न लावतां ते कितीतरी वेळ वांकून पाहत राहिले. मग म्हणाले, “अण्णांनीं हें सगळें पाहिलें होतें का रे?”

“हो,” आम्हीं सांगितलें. “अण्णांनीं सगळें पाहिलें होतें.”